कंपनी काही म्हातारी होत नाही

नोव्हेंबर २०२० म्हटलं की सगळ्यांना बायडन आणि ट्रम्पच आठवतात, पण त्याच मतपत्रिकेवर कॅलिफोर्नियात एक असा प्रस्ताव होता ज्याचा परिणाम इथे राहणाऱ्या माणसाच्या खिशावर आणि पोरांच्या शाळेवर व्हाइट हाऊसमध्ये कोण बसतंय याच्यापेक्षा जास्त झाला असता. प्रपोझिशन १५. दुकानं, ऑफिसं, मॉल, गोदामं, कारखाने अशा व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेवर आजच्या बाजारभावाने प्रॉपर्टी टॅक्स लावायचा आणि राहत्या घरांना हात लावायचा नाही, थोडक्यात एवढंच. ४८ टक्के लोक हो म्हणाले, ५२ टक्के नाही म्हणाले, आणि विषय बंद झाला. माझ्या मते तो बंद व्हायला नको होता. प्रस्ताव मुळात बरोबर होता, आखताना आणि मांडताना चुका झाल्या, आणि त्या सुधारून तो परत लोकांसमोर यायला हवा, हे मला आज नीट सांगायचंय.

ज्यांना इथली भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. १९७० च्या दशकात महागाई भडकली, कॅलिफोर्नियात घरांचे भाव दोन-चार वर्षांत कुठल्या कुठे गेले, आणि टॅक्स भावाला बांधलेला, त्यामुळे पगार तोच, घर तेच, पण बिल मात्र फुगत चाललेलं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसांवर खरंच घर विकायची वेळ आली होती, ही कुणी रचलेली गोष्ट नाही. त्याच्या आधी साठच्या दशकात असेसर, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणारे अधिकारी, यांची लाचखोरीची प्रकरणं बाहेर आली होती, सॅन फ्रान्सिस्कोत तर असेसरला शिक्षाही झाली, आणि १९६६ मध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजायचा कायदा आला. ऐकायला छान, पण तोपर्यंत मतदार नाराज नकोत म्हणून असेसर लोक घरांची किंमत जरा कमीच धरायचे, ती अघोषित सवलत गेली आणि घरवाल्यांचा टॅक्स वाढला. तिकडे सॅक्रामेंटोत राज्य सरकारच्या तिजोरीत सुमारे ५ अब्ज डॉलर शिल्लक पडलेले आणि विधिमंडळात दिलासा कसा द्यायचा यावर नुसती चर्चा. लोक चिडले नसते तरच नवल.

हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघा करविरोधी कार्यकर्त्यांनी सह्या गोळा केल्या आणि ६ जून १९७८ ला प्रपोझिशन १३ जवळजवळ ६५ टक्के मतांनी पास झालं. त्यातले मुख्य नियम आजही चालू आहेत. टॅक्सचा मूळ दर किंमतीच्या १ टक्क्याच्या वर नाही. किंमत १९७५ सालची धरायची, आणि त्यानंतर वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढवायची, बाजारात भाव कितीही चढो. नवीन बाजारभाव कधी लागणार, तर मालमत्ता विकली गेली किंवा नवीन बांधकाम झालं तरच. आणि वर राज्याला कुठलाही कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं पाहिजेत. स्थानिक संस्थांचं प्रॉपर्टी टॅक्सचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं.

आता एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात. त्याच जून १९७८ च्या मतपत्रिकेवर विधिमंडळाने एक पर्यायही ठेवला होता, राहत्या घरांना कमी दर आणि बाकी मालमत्तेला वेगळा दर लावायची मुभा देणारा. तो पडला. म्हणजे घर आणि धंदा यांच्यात फरक करायचा की नाही हा प्रश्न २०२० मध्ये कुणी अचानक उकरून काढला नाही, तो पहिल्या दिवसापासून तिथेच होता, आणि घर वाचवायच्या घाईत लोकांनी मॉल आणि तेलाच्या रिफायनऱ्यांनाही तेच कवच देऊन टाकलं.

हे कवच प्रत्यक्षात काय करतं ते आकड्यांत बघा. समजा एकाच गल्लीत दोन सारखी घरं आहेत. एक १९७५ मध्ये ४०,००० डॉलरला घेतलेलं. दरवर्षी पूर्ण २ टक्के वाढ धरली तरी २०२० मध्ये त्याची टॅक्सपुरती किंमत साडेसत्त्याण्णव हजारांच्या आसपास, म्हणजे मूळ टॅक्स वर्षाला हजार डॉलरपेक्षाही कमी. शेजारचं घर २०२० मध्ये १२ लाखांना घेतलं, त्याला १२,००० डॉलर. तोच रस्ता, तीच शाळा, तोच आगीचा बंब. फरक फक्त तुम्ही कधी आलात याचा. लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्समध्ये स्टेफनी नॉर्डलिंगर नावाच्या बाईंनी १९८८ मध्ये १ लाख ७० हजारांना घर घेतलं आणि त्यांना कळलं की तशाच घरात आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट टॅक्स त्या भरतायत. त्या थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल दिला की हे घटनेत बसतं, कारण नवीन घेणाऱ्याला आपल्याला किती टॅक्स लागणार हे आधीच माहीत असतं, आणि जुन्या मालकाने मात्र एका खात्रीवर आपलं आयुष्य मांडलेलं असतं, वस्ती स्थिर राहण्यात सरकारलाही रस असू शकतो. मला हा युक्तिवाद घरापुरता पटतो. सत्तरीच्या आजीबाईंना, ज्यांचं उत्पन्न वाढणार नाही, त्यांना फक्त शेजारी गूगलवाले राहायला आले म्हणून घर सोडायला लावणं अन्यायच आहे. पण आजीबाईंसाठी केलेली सोय ऑफिस पार्कला का?

इथेच माझा सगळा मुद्दा आहे. माणूस म्हातारा होतो, रिटायर होतो, मुलांकडे जातो, कधीतरी जातोच, आणि घर कधी ना कधी दुसऱ्याच्या हातात जातं. कंपनी काही म्हातारी होत नाही. तिला पेन्शनवर जगायचं नसतं, ती मरत नाही, आणि जमीन विकायची तिला गरजच नसते. डिस्नीलँड १९५५ मध्ये उघडलं, आणि तेव्हापासून जी जमीन कंपनीकडेच आहे ती आजही १९७५ च्या पायावर मोजली जाते. घरं सरासरी काही वर्षांनी विकली जातात आणि दरवेळी किंमत ताजी होते, मोठ्या व्यापारी मालमत्ता क्वचित विकल्या जातात. त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस वर्षांत टॅक्सचं ओझं हळूहळू घरांकडे सरकत गेलं, त्यातही नवीन घर घेणाऱ्यांकडे. घर वाचवायला केलेल्या कायद्याने शेवटी घरवाल्यांवरच जास्त भार टाकला.

आणि विकली तरी पळवाट आहेच. कंपनीच्या नावावर असलेली मालमत्ता कधी ‘विकली’ धरायची, तर कुणा एकाकडे ५० टक्क्यांपेक्षा जास्त मालकी गेली तर. सांता मोनिकाचं फेअरमाँट मिरामार हॉटेल, समुद्रासमोरचं, डेल कॉम्प्युटरवाले मायकेल डेल यांच्याकडच्या मंडळींनी २००६ मध्ये साधारण २० कोटी डॉलरला घेतलं. पण मालकी त्यांच्या पत्नीच्या आणि गुंतवणूक कंपन्यांच्या नावावर अशी विभागली की कुणाही एकाकडे अर्ध्याच्या वर गेली नाही. काऊंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, नवीन किंमत लावली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टाने काऊंटीच्या विरोधात निकाल दिला, २०१४ मध्ये अपिलातही तेच. यात बेकायदेशीर काही नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण दोष कायद्याचाच आहे. फ्रीमाँटमधल्या एखाद्या जोडप्याने टाऊनहाऊस घेतलं तर त्यांना असा हिशोब करता येत नाही, त्यांना काही महिन्यांत वरून सप्लिमेंटल बिल येतं, जुनी किंमत आणि नवीन किंमत यातल्या फरकावरचा टॅक्स, चुपचाप भरा.

वॉरन बफे यांचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे पण परत सांगण्यासारखं आहे. २००३ मध्ये ते गव्हर्नरपदाला उभे असलेल्या अरनॉल्ड श्वार्झनेगर यांचे आर्थिक सल्लागार होते, आणि त्यांनी जाहीरपणे सांगितलं की ओमाहामधल्या पाच लाखांच्या घराला ते वर्षाला १४,००० डॉलरच्या वर टॅक्स भरतात आणि लगूना बीचमधल्या चाळीस लाखांच्या घराला बावीसशेच्या आसपास. जगातला एक सगळ्यात श्रीमंत माणूस स्वतः म्हणतोय की माझ्याकडून कमी घेताय. श्वार्झनेगर यांनी त्यांना परत प्रॉप १३ चं नाव काढू नका असं बजावलं आणि विषय तिथेच मिटला. इतका हा विषय इथल्या राजकारणात शिवू नये असा मानला जातो.

आता टॅक्स बिल हातात घेऊन बघा, कारण सगळी गोष्ट त्या एका कागदावर लिहिलेली आहे. पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत, हे इथे घर असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. वर जमिनीची किंमत आणि बांधकामाची किंमत वेगवेगळी. मग स्वतः राहत असाल तर ७,००० डॉलरची सूट, म्हणजे टॅक्समध्ये साधारण ७० डॉलर वाचतात, ही रक्कम वर्षानुवर्षं तीच. मग तो १ टक्का. मग मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांचे छोटे छोटे दर. आणि त्याच्याखाली ठरावीक रकमांची रांग, शाळेचा पार्सल टॅक्स, सांडपाणी, डासनिर्मूलन, आणि बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या भागात, २०१६ मध्ये पास झालेला खाडीकाठच्या पाणथळ जमिनी सुधारायचा १२ डॉलरचा टॅक्स. हे १२ डॉलर बारकाईने बघा. एका सातबाऱ्यावर जितकी जमीन, तेवढा एक पार्सल, आणि प्रत्येक पार्सलला १२ डॉलर. तुमचं छोटं टाऊनहाऊस असो नाहीतर शेकडो गाड्यांच्या पार्किंगचं अवाढव्य ऑफिस, रक्कम तीच. असं का, तर प्रॉप १३ मुळे किंमतीवर आधारलेला जादा टॅक्स लावता येत नाही, म्हणून पैसे हवे असले की शाळा आणि शहरं असे सपाट टॅक्स लोकांकडून मागून घेतात. आणि नवीन वसाहतींमध्ये तर १९८२ च्या कायद्याने आलेला मेलो-रूस नावाचा जादा टॅक्स, रस्ता, पार्क, शाळा या सगळ्याचा खर्च नवीन राहायला येणाऱ्यांनीच दशकानुदशकं फेडायचा. आपल्याकडचे किती लोक अशा नवीन वसाहतीत घर घेतात आणि बिल आल्यावर कपाळाला हात लावतात, हे मी सांगायला नको.

याचे परिणाम शहरं कशी वाढतात त्यावरही झाले. घरांवर टॅक्स तुटपुंजा मिळतो पण दुकानांतल्या विक्रीवर सेल्स टॅक्सचा हिस्सा शहराला मिळतो, म्हणून शहरांना घरांपेक्षा मोठी दुकानं आणि गाड्यांचे शोरूम प्यारे. घरं कमी, भाव जास्त. आणि शाळांचा पैसा काऊंटीकडून राज्याकडे गेला, राज्य श्रीमंतांच्या इन्कम टॅक्सवर चालतं, शेअर बाजार आपटला की तिजोरी आपटते, २००९ मध्ये तर राज्याने बिलं भागवायला पैशाऐवजी नंतर देऊ अशा चिठ्ठ्या वाटल्या. साठच्या दशकात ज्या राज्याच्या सरकारी शाळांचं नाव देशात घेतलं जायचं तिथे नंतर कितीतरी वर्षं पालकांनी निधी गोळा करून चित्रकला आणि संगीताचे शिक्षक टिकवले. जमिनीवरचा टॅक्स हा सगळ्यात स्थिर टॅक्स, जमीन पळून जात नाही, लपवता येत नाही, आणि तोच आपण बांधून ठेवला.

म्हणून प्रॉप १५. त्यातलं गणित असं होतं की व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेची किंमत निदान दर तीन वर्षांनी बाजारभावाने ठरवायची, सुरुवात २०२२-२३ पासून टप्प्याटप्प्याने. घरं, भाड्याने राहायच्या बिल्डिंगा, शेतजमीन वगळली. ज्या मालकाची राज्यातली एकूण व्यापारी मालमत्ता ३० लाख डॉलर किंवा कमी त्यालाही वगळलं. छोट्या धंद्यांच्या यंत्रसामग्रीवर, फर्निचरवर जो टॅक्स लागतो तो पूर्ण माफ, बाकीच्यांना पहिले ५ लाख डॉलर माफ. ज्या इमारतींतली वापरातली निम्मी किंवा जास्त जागा छोट्या धंदेवाल्यांकडे आहे त्यांना २०२५-२६ पर्यंत सूट. दर तोच १ टक्का. यातून वर्षाला साडेसहा ते साडेअकरा अब्ज डॉलर येतील असा विधिमंडळाच्या स्वतंत्र विश्लेषकांचा अंदाज होता, त्यातले ६० टक्के शहरं आणि काऊंट्यांना, ४० टक्के शाळा आणि कम्युनिटी कॉलेजना. शिक्षकांची संघटना, कामगार संघटना, चॅन-झकरबर्ग यांची संस्था, गव्हर्नर न्यूसम, बायडन आणि हॅरिससुद्धा बाजूने. दोन्ही बाजूंनी मिळून शंभर मिलियन डॉलरच्या कितीतरी वर खर्च झाला.

मग ते का पडलं? पहिलं कारण वेळ. कोविडमध्ये रस्ते ओस, दुकानं बंद, लोकांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्यावरचा डोसेवाला आणि सलूनवाली, आणि टीव्हीवर रोज जाहिरात की ही इतिहासातली सगळ्यात मोठी करवाढ आहे. ती भीती नुसत्या जाहिरातबाजीने तयार झालेली नव्हती. इथे दुकानाचे भाडेकरार बहुतेक वेळा असे असतात की भाड्याशिवाय प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि देखभाल हे तिन्ही भाडेकरूच भरतो. म्हणजे मॉलमालकावर टॅक्स वाढला की करार संपेपर्यंत ते बिल सरळ भाडेकरूकडे. मालकाची मालमत्ता ३० लाखांच्या वर असेल तर त्याच्या मॉलमधल्या छोट्या दुकानदाराला त्या सवलतीचा काही उपयोग नाही. ज्या लोकांना आपण वाचवतोय म्हणत होतो त्यांच्याच दारात बिल जाणार होतं, निदान काही वर्षं, आणि प्रस्तावात भाडेकरूला थेट वाचवणारं कलम पुरेसं नव्हतं. समर्थकांनी याला सरळ उत्तर द्यायला हवं होतं.

उत्तर आहेही. दीर्घकाळात भाडं मालकाचा खर्च बघून ठरत नाही, त्या रस्त्यावर दुकान काढायला लोक किती द्यायला तयार आहेत त्यावर ठरतं. एकाच रस्त्यावर एक इमारत १९७६ पासून एकाच मालकाकडे आणि दुसरी २०१८ मध्ये विकत घेतलेली, दोन्हीकडे भाडं सारखंच असतं, पहिल्याचा वाचलेला टॅक्स भाडेकरूला मिळत नाही, मालकाच्या खिशात जातो. याचा पुरावा १९७८ मध्येच मिळाला. जार्व्हिस यांनी भाडेकरूंना सांगितलं होतं की टॅक्स कमी झाला की भाडी कमी होतील. झाली नाहीत. लोक इतके भडकले की लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोने साधारण वर्षभरात भाडेनियंत्रण आणलं. टॅक्स उतरला तेव्हा भाडं उतरलं नाही, तर टॅक्स चढल्यावर भाडं तेवढंच चढेल असं मानायचं कशाला? हे इतकं साधं आहे, पण प्रचारात हे कुणी धडपणे बोललंच नाही, सगळा भर शाळांना पैसे मिळतील यावर. मतपत्रिकेवरचं शीर्षकही शाळांच्या निधीनेच सुरू होत होतं. लोकांना शाळा हव्याच असतात, पण सॅक्रामेंटोला आणखी पैसे द्यावेत असं त्यांना वाटत नाही, आणि अन्याय कुठे आहे हे न सांगता नुसते पैसे मागितले तर लोक पाकीट घट्ट धरतात.

दुसरं, आणि मला वाटतं खरं कारण, घरवाल्यांची भीती. आज धंद्यांवर, उद्या आमच्यावर. आपल्या मराठी लोकांच्या गप्पांतही मी हेच ऐकलं, पाडव्याच्या जेवणात काय किंवा पोरांना क्लासला सोडताना काय, ‘अगं आत्ता म्हणतायत घरांना हात नाही, पण एकदा भगदाड पडलं की बघ.’ या लोकांना मूर्ख म्हणून चालणार नाही. तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर, नोकरी व्हिसावर, आणि टॅक्स वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढणार नाही ही एकमेव खात्री. ती कुणी हलवतंय असं वाटलं की माणूस आकडेमोड करत नाही. पण शांतपणे विचार केला तर प्रॉप १५ हीच या खात्रीची खरी रखवाली होती. सगळा भार नवीन घर घेणाऱ्यांवर आणि सपाट टॅक्सवर येत राहिला तर एक दिवस घरांच्या सवलतीवरच लोकांचा राग निघेल, आणि तेव्हा आजीबाईंची बाजू घ्यायला कुणी उरणार नाही. त्याच निवडणुकीत प्रॉप १९ पास झालं ना, आईबापांच्या घराचा जुना टॅक्स मुलांना वारशाने मिळायचा तो बराचसा बंद झाला. म्हणजे घरवाल्यांच्या सवलतीला कात्री लागली आणि मॉलवाल्यांच्या सवलतीला धक्का नाही. एकाच दिवशी, त्याच मतदारांकडून.

असेसरांची संघटनाही विरोधात होती, आमच्याकडे माणसं नाहीत, वेळ नाही म्हणून. शेतकऱ्यांची फार्म ब्युरोही विरोधात, जमीन वगळली पण गोठे, शेडं, प्रक्रिया यंत्रणा यांचं काय म्हणून. हे आक्षेप सुधारता येण्यासारखे होते.

एक आक्षेप नंतर जन्माला आला. सॅन फ्रान्सिस्कोतली ऑफिसं रिकामी पडली, तिथे २०२३-२४ पर्यंत तीस टक्क्यांच्या वर जागा रिकामी, किंमती कोसळल्या, तेव्हा लोक म्हणाले बरं झालं प्रॉप १५ पडलं. पण आत्ता काय होतं ते बघा. नोव्हेंबर १९७८ मध्येच आणखी एक दुरुस्ती झाली, बाजारभाव टॅक्सच्या किंमतीखाली गेला तर टॅक्स तात्पुरता कमी करायचा. म्हणजे नुकतीच महाग घेतलेली बिल्डिंग बाजार पडला की टॅक्सही उतरवून घेते, आणि पन्नास वर्षं धरून ठेवलेली बिल्डिंग बाजार चढला तरी २ टक्क्यांच्या पुढे जात नाही. पडण्याचा तोटा शहराचा, चढण्याचा फायदा मालकाचा. बाजारभावाने टॅक्स लावायचा तर दोन्ही बाजूंनी लावावा, उतरताना उतरू दे, चढताना चढू दे. शहराने त्यासाठी चांगल्या वर्षात थोडं बाजूला टाकायची सवय लावून घ्यावी.

मुंबईकरांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, आणि प्रॉपर्टी टॅक्स त्या गोठलेल्या भाड्याला बांधलेला, त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जुन्या इमारतींना किरकोळ टॅक्स आणि बोरिवली-मुलुंडच्या नवीन बिल्डिंगांना चौरस फुटाला जास्त. तिथेही कधी आलात त्यावर बिल. २०१० पासून महापालिकेने भांडवली मूल्यावर टॅक्स आणला, आणि तो करताना छोट्या घरांना सांभाळून घेतलं, पुढे २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफीच दिली. त्या पद्धतीवर खटले झाले, वाद झाले, माफी सरसकट असावी का हा वेगळा भांडणाचा विषय, पण छोटं घर वेगळं आणि बाकी मालमत्ता वेगळी हे तत्त्व तिथल्या मतदाराला कळलं. इथे कळणार नाही असं मानायचं काही कारण नाही.

आता आपल्या लोकांबद्दल थोडं कडक बोलते. इथे सगळ्यात महाग घरं सगळ्यात उशिरा घेणाऱ्यांमध्ये आपण आहोत. फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो, डब्लिन, जिथे बघाल तिथे. पूर्ण बाजारभावाने टॅक्स भरणारे आपण, मेलो-रूस भरणारे आपण, शाळेच्या पार्सल टॅक्ससाठी दारोदार पत्रकं वाटणारे आपण. आणि यातल्या कितीतरी जणांना मतच नाही, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे, नागरिकत्व तर त्याच्या पुढे पाच वर्षं. १९७८ मध्ये ज्यांनी मत दिलं त्यांनी स्वतःसाठी ठरवलं, बिल मात्र अशा माणसांना गेलं जे तेव्हा इथे नव्हते, काही तर जन्मलेलेही नव्हते, आणि आज इथे असूनही मत देऊ शकत नाहीत. ज्यांच्याकडे आज मत आहे, म्हणजे आपल्यातले जे नागरिक झालेत, त्यांच्यावर म्हणूनच दुप्पट जबाबदारी आहे. आपल्या घराचा आकडा सुरक्षित आहे एवढंच बघून ‘नो’ वर खूण केली तर ती खूण मॉलमालकाच्या बाजूने पडते आणि रांगेतल्या आपल्याच भावंडांच्या विरोधात.

परत प्रस्ताव आणायचा तर मला तो असा हवा. भाडेकराराच्या चालू मुदतीत वाढीव टॅक्स छोट्या भाडेकरूवर ढकलता येणार नाही असं स्पष्ट कलम. मालकी तुकड्यांत विभागून विक्री लपवायची पळवाट बंद, मग ती कुणाही एकाकडे ५० टक्के जावो न जावो. गोठे-शेडं शेतीतच धरायची, नाव घेऊन. असेसरच्या ऑफिसांना भरतीसाठी पैसे आधी द्यायचे आणि पहिलं मूल्यांकन नंतर, सगळ्यात मोठ्या मालमत्तांपासून सुरू करून. जमा झालेल्या पैशातला काही भाग त्या त्या शहरातले सपाट पार्सल टॅक्स कमी करायला लावायचा, म्हणजे लोकांना स्वतःच्या डिसेंबरच्या बिलात फरक दिसेल. आणि राहत्या घराची २ टक्क्यांची मर्यादा त्याच दुरुस्तीत परत एकदा, शब्दशः, लिहून द्यायची, म्हणजे पाडव्याच्या जेवणात कुणी भगदाडाची गोष्ट काढली तर त्याला कलमाचा नंबर सांगता येईल.